एज: गणिताच्या पीएचडीचे पहिले वर्ष निभावून नेणारा कार्यक्रम

अमेरिकेत गणिताच्या पीएचडीसाठी प्रवेश मिळालेल्या, पण अजून पहिला तास न बसलेल्या मुलींसाठी ‘एज’ नावाचा एक उन्हाळी कार्यक्रम १९९८ पासून चालत आला आहे. ‘एनहान्सिंग डायव्हर्सिटी इन ग्रॅज्युएट एज्युकेशन’ हे त्याचे पूर्ण नाव. सर्व स्तरांतील मुलींना तो खुला असला, तरी कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूळ अमेरिकी समाजांतील मुली, म्हणजे गणिताच्या संशोधनात ज्यांची संख्या नगण्य आहे अशा मुली, त्याच्या केंद्रस्थानी आहेत. मी अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठात गणित शिकवते, आणि प्रवेश समितीवर तसेच क्वालिफाइंग परीक्षांच्या (पीएचडीत पुढे जाण्यासाठी उत्तीर्ण व्हाव्या लागणाऱ्या परीक्षांच्या) समितीवर काम करताना अशा उन्हाळी वर्गांतून आलेल्या मुलींना जवळून पाहत आले आहे. या कार्यक्रमाचे परीक्षण मराठीत लिहावेसे वाटले याला एक कारण आहे. दरवर्षी पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-नांदेडहून एमएस्सी झालेली मुले-मुली मला मेल लिहितात. त्यांत शिष्यवृत्तीची चौकशी असते, विद्यापीठांच्या क्रमवारीची असते, कोणत्या प्राध्यापकाकडे काम करावे याचीही असते. पण पहिल्या वर्षी आपल्याकडे लक्ष कोण देणार आहे, ही चौकशी नसते. माझ्या अनुभवात बहुतेकांची पीएचडी ठरते ती याच प्रश्नावर.

माझे मत आधीच सांगते. एजचा चार आठवड्यांचा अभ्यासवर्ग उत्तम आहे, पण तेवढाच असता तर मी त्याला एक चांगले उन्हाळी शिबिर म्हणून सोडून दिले असते. त्याचे मोल आहे ते शिबिर संपल्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत, आणि मेंटॉरिंगच्या नावाखाली चालणारे बहुतेक उपक्रम नेमके तिथेच संपलेले असतात.

हा कार्यक्रम दोन महिला महाविद्यालयांनी मिळून उभा केला. अटलांटाचे स्पेलमन कॉलेज १८८१ मध्ये कृष्णवर्णीय मुलींसाठी सुरू झाले. फिलाडेल्फियाजवळचे ब्रिन मॉर कॉलेज १८८५ चे. नाझी राजवटीने नोकरीवरून काढल्यावर थोर जर्मन गणितज्ञ एमी नोएथर अमेरिकेत आल्या त्या इथेच, आणि १९३५ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी इथेच शिकवले. स्पेलमनच्या सिल्व्हिया बोझमन आणि ब्रिन मॉरच्या रोंडा ह्यूज यांनी १९९२ मध्ये पदवीच्या विद्यार्थिनींसाठी एक संयुक्त उन्हाळी वर्ग सुरू केला. मुली हुशार होत्या आणि पीएचडीला प्रवेशही मिळवू लागल्या होत्या. पण प्रवेश मिळणे आणि पदवी हाती येणे यांत फार मोठे अंतर होते, आणि त्या अंतरातला सर्वांत अवघड टप्पा पहिले वर्ष हा होता. म्हणून दोघींनी आपले काम एक पायरी पुढे नेले आणि १९९८ मध्ये एज सुरू झाले. पुढे पोमोना कॉलेजच्या अॅमी रादुन्स्काया आणि मोरहाउस कॉलेजच्या उल्रिका विल्सन यांनी संचालनाची जबाबदारी उचलली. आपली संस्था दुसऱ्यांच्या हाती सोपवणे अनेक संस्थापकांना जमत नाही. इथे ते जमले, हे मी या कार्यक्रमाच्या जमेच्या बाजूला धरते.

पहिले वर्ष अवघड का असते, हे भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर लिहिते. अमेरिकेत बहुतेक जण पदवीनंतर थेट पीएचडीला येतात. पहिल्या सत्रात अॅनालिसिस, अल्जिब्रा, टोपोलॉजी असे दोन किंवा तीन विषय असतात, प्रत्येकाचा गृहपाठ दर आठवड्याला द्यावा लागतो, आणि विद्यावेतनाच्या बदल्यात पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना कॅल्क्युलस शिकवावे लागते, त्यांच्या वह्या तपासाव्या लागतात. वर्षाच्या शेवटी किंवा दुसऱ्या वर्षी क्वालिफाइंग परीक्षा येतात. त्या उत्तीर्ण होण्यासाठी बहुधा दोनच संधी मिळतात. दोन्ही हुकल्या तर एमएची पदवी हाती देऊन विद्यार्थ्याला निरोप दिला जातो. वर्गात शेजारी बसलेल्या मुलाने मोठ्या विद्यापीठातून पदवी घेताना यातले निम्मे विषय आधीच पूर्ण केलेले असतात. छोट्या महाविद्यालयातून आलेल्या मुलीने मेझर थिअरीचे नावही ऐकलेले नसते. तिचे महाविद्यालय कमी प्रतीचे होते असा याचा अर्थ नाही. तिथे तो विषय शिकवण्यासाठी पुरेसे विद्यार्थीच नव्हते, एवढाच आहे. पण पहिल्या महिन्यात तिला एवढेच दिसते की सगळ्यांना येते आणि मला येत नाही.

यात भर पडते ती कुठेही छापून न मिळणाऱ्या माहितीची. मागच्या दहा वर्षांच्या परीक्षांचे पेपर विभागाच्या कोणत्या कपाटात आहेत, कोणत्या प्राध्यापकाच्या पेपरात कॉम्पॅक्टनेसवर प्रश्न हमखास येतो, गृहपाठ एकत्र बसून सोडवणे इथे अपेक्षितच असते, गाईड निवडण्याआधी त्याच्याकडे एखादा रीडिंग कोर्स करून पाहावा, या सगळ्या गोष्टी कॉरिडॉरमध्ये, चहा-कॉफीच्या टेबलावर, जेवणाच्या सुट्टीत हातोहात पोहोचतात. त्या टेबलावर जागा नसली की त्या पोहोचत नाहीत. व्हिव्हियन मलोन-मेझ यांनी १९६६ मध्ये टेक्सास विद्यापीठातून ऑस्टिन इथे पीएचडी केली. तिथे त्या कृष्णवर्णीय असल्यामुळे त्यांना अध्यापन साहाय्यक होता आले नाही. एका नामवंत प्राध्यापकाने त्यांना आपल्या वर्गात बसू दिले नाही. आणि ज्या कॅफेत सहाध्यायी आणि शिक्षक गणितावर बोलत बसत, तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. आज असा फलक कोणत्याही कॅफेवर नाही. पण टेबलावर कोण कोणाला बोलावतो हे आजही ओळखीपाळखीवर ठरते, आणि वर्गात आपल्यासारखे दुसरे कोणीच नसलेली मुलगी त्या ओळखीत आपोआप येत नाही.

एजचा उन्हाळी भाग हीच माहिती आधीच, मोकळेपणाने आणि मोबदला न घेता देतो. चार आठवडे निवासी वर्ग असतो. निवास-भोजनाची सोय असते आणि विद्यावेतनही दिले जाते, त्यामुळे उन्हाळ्यातली कमाई बुडेल म्हणून कोणाला अर्ज मागे घ्यावा लागत नाही. कनिष्ठ मध्यमवर्गीय घरातून आलेल्या मुलीसाठी ही सोय निर्णायक ठरते. अॅनालिसिस आणि अल्जिब्रा हे मुख्य विषय पहिल्या वर्षाच्या पातळीवर शिकवले जातात. जोडीला लहान अभ्यासक्रम, पाहुण्या गणितज्ञांची व्याख्याने, आणि पदव्युत्तर जीवनाबद्दलच्या खुल्या चर्चा असतात. दररोज गृहपाठ असतो आणि तो हलका नसतो. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, संध्याकाळी सोबत बसणाऱ्या मेंटॉर स्वतः पीएचडीच्या मधल्या किंवा शेवटच्या वर्षांत असलेल्या मुली असतात. प्राध्यापकाला पहिल्या वर्षाची धास्ती आठवत नाही. दोन वर्षांपूर्वी परीक्षा दिलेल्या मुलीला ती लख्ख आठवते.

या पद्धतीचा परिणाम मी माझ्याच विभागात पाहिला आहे. अशा उन्हाळी वर्गातून तयार झालेल्या एका ज्येष्ठ विद्यार्थिनीने आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी एक अभ्यासगट सुरू केला. मी एकदा मागच्या बाकावर जाऊन बसले. फळ्यावर डिनीचे प्रमेय होते: कॉम्पॅक्ट संचावरील (ज्याच्या कोणत्याही खुल्या आच्छादनातून मोजकेच भाग निवडून तो पुरता झाकता येतो अशा संचावरील) संतत फलनांची एकदिशी वाढणारी क्रमिका प्रत्येक बिंदूवर एका संतत फलनाकडे जात असेल, तर ती एकसमान रीतीने जाते. एक मुलगी सिद्धता लिहीत होती. तिने लिहिले, ‘दिलेल्या एप्सिलॉनसाठी असा एन निवडू की त्यापुढे फरक एप्सिलॉनपेक्षा लहान राहील’, आणि पुढच्या ओळीकडे वळली. गट चालवणारीने तिला थांबवले नाही, चूक असेही म्हटले नाही. तिने फक्त विचारले, “हा एन कोणाचा आहे?” फळ्यावरची मुलगी क्षणभर गोंधळली, मग तिने एनच्या खाली लहान अक्षरात एक्स लिहिला आणि आपणहूनच म्हणाली की प्रत्येक एक्ससाठी एन वेगळा आहे, तर सगळ्यांना पुरेल असा एकच एन कुठून आणायचा? मागून कोणीतरी म्हणाले, कॉम्पॅक्टनेस अजून वापरलाच नाही. मग प्रत्येक बिंदूभोवती एक लहान परिसर, त्या परिसरांचे आच्छादन, त्यातून काढलेले सांत उपआच्छादन, आणि मोजक्या एनपैकी सर्वांत मोठा. क्रमिका एकदिशी आहे म्हणून तो पुढेही टिकतो. सगळे मिळून अर्धा तास लागला. मीच व्याख्यानात ते दहा मिनिटांत सांगितले असते आणि त्यातले फारच थोडे कोणाच्या लक्षात राहिले असते.

त्याच गटात मी आणखी एक गोष्ट शिकवताना पाहिली, आणि ती गणिताची नव्हती. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखलेल्या वेळी, जायचे कसे, हे ती ज्येष्ठ विद्यार्थिनी चक्क करून दाखवत होती. रिकाम्या हाताने जाऊन ‘मला हा प्रश्न कळला नाही’ म्हणू नका. अर्धवट का होईना, केलेले काम कागदावर घेऊन जा आणि ज्या ओळीवर अडलात त्या ओळीवर बोट ठेवा. समोरचा माणूस मग तुमच्या अडचणीशी बोलू लागतो. आपल्याकडून येणाऱ्या मुलांना तर हे सांगण्याची फारच गरज असते. सरांचे दार ठोठावणे म्हणजे त्यांचा वेळ खाणे, आणि आपल्याला येत नाही असे सांगणे म्हणजे स्वतःचे हसे करून घेणे, अशा समजुतीत आपली वाढ झालेली असते. माझ्या पहिल्या वर्षी, ज्या विद्यापीठात मी शिकले तिथे, मला हे कोणीही सांगितले नाही. दुसऱ्या सत्रापर्यंत मी एकाही प्राध्यापकाच्या खोलीत गेले नव्हते, आणि त्याबद्दल मला कोणी विचारलेही नव्हते.

एजबद्दल ज्या गोष्टीचे मला सर्वांत अधिक कौतुक आहे ती त्याची वृत्ती. या मुलींमध्ये काहीतरी कमी आहे आणि ते भरून काढायचे आहे, असे हा कार्यक्रम धरून चालत नाही. या विचाराला अमेरिकेत भक्कम आधार आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात गणितज्ञ युरी ट्रायझमन यांनी कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. त्यांचे सहकारी अंदाज करत होते की या मुलांना गोडी नसेल, पूर्वतयारी कच्ची असेल, घरून पाठबळ नसेल. ट्रायझमन यांनी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या सवयी त्यांच्यासोबत राहून पाहिल्या, आणि हे सगळे अंदाज चुकीचे ठरले. फरक होता तो एवढाच की चिनी वंशाची मुले एकत्र जेवत, एकत्र बसून उदाहरणे सोडवत, एकमेकांची उत्तरे तपासत. कृष्णवर्णीय मुले मात्र मन लावून, तासन्‌तास, पण एकेकटी अभ्यास करत. यावर ट्रायझमन यांनी उजळणी वर्ग काढले नाहीत. त्यांनी नेहमीपेक्षा कठीण उदाहरणांचे गट सुरू केले, आणि निकाल बदलला. एजमध्येही हाच विचार दिसतो: सोपे करून सांगू नका, कठीणच द्या, पण एकटे सोडू नका.

उन्हाळा संपला की मुली आपापल्या विद्यापीठांत जातात, आणि माझ्या मते कार्यक्रमाचा मोलाचा भाग तिथून सुरू होतो. पहिल्या वर्षभर त्यांच्याशी संपर्क ठेवला जातो, त्यांना जवळपासच्या मेंटॉरशी जोडून दिले जाते, आणि दरवर्षी जुन्या-नव्या सगळ्या एका परिषदेत भेटतात. एखादी परीक्षा हुकली, गाईडशी जमले नाही, विद्यापीठ बदलावे का असा प्रश्न पडला, तर विचारायला विभागाबाहेरचे, आणि म्हणून तिच्या भवितव्याचा निकाल ज्याच्या हाती नाही असे कोणीतरी असते. विभागाबाहेरचे माणूस असण्याचे महत्त्व शब्दांत सांगणे कठीण आहे. विभागातला मेंटॉर कितीही प्रेमळ असला तरी उद्या तोच परीक्षा समितीवर बसणार असतो, आणि आपण किती अडखळतो आहोत हे त्याला सांगताना विद्यार्थिनी दहा वेळा विचार करते. मी स्वतः अशा समितीवर असल्यामुळे हे मला चांगले ठाऊक आहे. माझ्या विद्यार्थिनींनी सगळे मलाच सांगावे अशी अपेक्षा मी ठेवत नाही.

फिलाडेल्फियाचा उल्लेख आला म्हणून एक जुनी गोष्ट आठवते. आनंदीबाई जोशी त्याच शहरातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांची जिद्द आपण सगळे जाणतो. पण न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी अनोळखी मुलीशी पत्रव्यवहार केला नसता, बोटीतून उतरल्यावर तिला स्वतःच्या घरी नेले नसते, तिच्या मावशी झाल्या नसत्या, तर ती जिद्द कुठवर पुरली असती हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. असामान्य मुलीलाही पाठीशी कोणीतरी लागते. तेव्हा ते एका बाईच्या सद्भावनेवर अवलंबून होते. एजने तेच काम नेमाने, दरवर्षी, ठरवून होईल अशी व्यवस्था उभी केली.

या व्यवस्थेचे फळ दिसते आहे. कार्यक्रमातून गेलेल्या शंभराहून अधिक स्त्रिया आज पीएचडीधारक आहेत. त्यांतल्या अनेक जणी प्राध्यापक आहेत आणि काही जणी नव्या मुलींच्या मेंटॉर म्हणून परत आल्या आहेत. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने २००७ मध्ये या कार्यक्रमाचा गौरव केला. गणितात पीएचडी मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्री म्हणजे युफेमिया हेन्स, आणि ते घडले १९४३ मध्ये, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे अशा स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या. त्या पार्श्वभूमीवर एका लहान कार्यक्रमाने केलेले हे काम मोठे आहे.

तरीही माझ्या काही तक्रारी आहेत, आणि त्या मी मनापासून मांडते.

पहिली, आकाराबद्दल. एका उन्हाळ्यात डझनाच्या आसपास मुलींनाच जागा मिळते. लहान गट हेच या पद्धतीचे बळ आहे हे मला मान्य आहे. शंभर मुलींच्या सभागृहात ‘हा एन कोणाचा आहे’ असे कोणी विचारू शकत नाही. पण मग असे वर्ग अनेक ठिकाणी हवेत. पाव शतक उलटूनही ही पद्धत विद्यापीठांनी आपापल्या खर्चाने उचललेली नाही, याचा दोष एजचा नाही, तो विद्यापीठांचा आहे. परीक्षण करताना मात्र सांगायला हवे की अर्ज करणारीला जागा मिळेलच असे नाही.

दुसरी तक्रार अधिक खोलवरची आहे. एज विद्यार्थिनीला विभागासाठी तयार करते, विभागाला विद्यार्थिनीसाठी तयार करत नाही. मुलगी कणखर होऊन येते, आणि येते त्याच विभागात जिथे परीक्षेचे जुने पेपर अजूनही ओळखीतूनच मिळतात, जिथे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची विचारपूस करणे हे कोणाचेच काम नसते. गणितज्ञांच्या समाजाला याची जाणीव नाही असे नाही. आयोवा विद्यापीठात फिलिप कुट्झको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली ‘मॅथ अलायन्स’ ही संघटना दुसऱ्या टोकाकडून काम करते: अनेक महाविद्यालयांतील आणि विद्यापीठांतील प्राध्यापकांना मेंटॉर म्हणून जोडून घेते, अर्ज कुठे आणि कसे करावेत हे विद्यार्थ्यांना दाखवते, आणि विभागांनाही या कामात सहभागी करून घेते. प्रवेशापूर्वीच्या टप्प्यासाठी मी अलायन्सची शिफारस करेन, प्रवेशानंतरच्या टप्प्यासाठी एजची. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. पण क्वालिफाइंग परीक्षांची रचना, त्यांच्या संधी आणि त्यांची पारदर्शकता हे विभागाच्या हातातले प्रश्न आहेत, आणि ते कोणत्याही उन्हाळी वर्गाने सुटणारे नाहीत.

तिसरी तक्रार कामाच्या वाटणीबद्दल आहे. हे सगळे मेंटॉरिंग बहुतांशी स्त्रियाच करतात, आणि त्यांतही कृष्णवर्णीय आणि लॅटिना स्त्रिया अधिक. ज्या मुलीने स्वतःचा प्रबंध लिहायचा आहे तीच संध्याकाळी दुसऱ्यांना आधार देते. ज्या प्राध्यापिकेची बढती शोधनिबंधांच्या संख्येवर ठरणार आहे तिच्याच दारापुढे विद्यार्थिनींची रांग असते. बढतीच्या कागदपत्रांत या तासांना वजन मिळत नाही. माझे पुरुष सहकारी सज्जन आहेत, पण ‘त्या मुलींना तुमच्याशी बोलणे सोपे जाते’ हे वाक्य मी अतिशय सौजन्याने उच्चारलेले असंख्य वेळा ऐकले आहे, आणि त्याचा परिणाम एकच असतो: काम आमच्याकडे येते. मेंटॉर आपल्यासारखाच दिसणारा असला पाहिजे असे नाही. त्याने वेळ दिला पाहिजे, ऐकले पाहिजे, आणि विद्यार्थिनीच्या वतीने बंद दाराआडच्या बैठकीत बोलले पाहिजे. हे कोणालाही जमते.

आणि पैसा. असे कार्यक्रम अनुदानांवर चालतात. एजला आजवर नॅशनल सायन्स फाउंडेशन, नॅशनल सिक्युरिटी एजन्सी आणि मेलन फाउंडेशन यांसारख्या संस्थांचे साहाय्य मिळाले, आणि संस्थापिकांच्या नावाने एक स्वतंत्र प्रतिष्ठानही उभे राहिले, ही दूरदृष्टी होती. कारण २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशप्रक्रियेत वंशाचा विचार करण्यावर बंदी आणली, आणि २०२५ मध्ये केंद्र सरकारने विविधतेशी जोडलेली अनेक संशोधन-अनुदाने रद्द केली. या हवेत कोणताही असा कार्यक्रम पुढच्या वर्षी याच रूपात असेल असे गृहीत धरता येत नाही. अर्ज करण्याआधी त्या वर्षीची पात्रता आणि वेळापत्रक स्वतः तपासून घ्यावे.

आता आपल्याकडचे. महाराष्ट्रात या धर्तीवर काय आहे, हा प्रश्न मला प्रत्येक सुट्टीत घरी आल्यावर पडतो. शिकवण्याची बाजू आपल्याकडे अजिबात दुबळी नाही. कुमरेसन सरांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या एमटीटीएसच्या (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) उन्हाळी वर्गांनी देशभरातल्या छोट्या महाविद्यालयांतील मुलामुलींना प्रश्न विचारायला शिकवले. पाठांतरावर वाढलेल्या मुलांना ‘का?’ असे विचारण्याची सवय लावणे ही साधी गोष्ट नाही. आयआयटी मुंबई आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांच्या संयुक्त नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सच्या फाउंडेशन स्कूलमध्ये पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अल्जिब्रा, अॅनालिसिस आणि टोपोलॉजीचा जो पाया मिळतो, तो एजच्या अभ्यासवर्गापेक्षा विस्ताराने मोठाच आहे. दुसऱ्या बाजूला बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था वेगवेगळ्या समाजघटकांतील संशोधक विद्यार्थ्यांना फेलोशिप देतात. म्हणजे वर्ग आहेत आणि पैसाही आहे. या दोहोंच्या मधे जे लागते ते मात्र विद्यार्थ्याच्या नशिबावर सोडलेले आहे.

मराठी माध्यमातून शिकून, जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातून एमएस्सी करून, नेट उत्तीर्ण होऊन एखाद्या नामवंत संस्थेत आलेला दलित किंवा आदिवासी समाजातला मुलगा पहिल्या सत्रात इंग्रजीतले भरधाव व्याख्यान ऐकतो, शेजारच्याने वर्गात विचारलेला प्रश्नही त्याला समजत नाही, आणि तो गप्प बसतो. त्याचा कोणता राखीव कोटा आहे याची चर्चा वसतिगृहात होते. त्याने कोणता प्रश्न सोडवला याची होत नाही. फेलोशिप वेळेवर जमा झाली तरी या एकटेपणावर तिचा उपाय नाही. त्याला त्याच्याच वाटेने दोन वर्षे आधी गेलेला कोणीतरी दादा किंवा ताई हवी, जी मराठीत विचारेल की या आठवड्याचा गृहपाठ कुठे अडला. फाउंडेशन स्कूलमधून निघालेल्या मुलांची एक साधी यादी ठेवून, प्रत्येक नव्या मुलाला दुसऱ्या संस्थेतल्या एका ज्येष्ठ संशोधकाशी वर्षभरासाठी जोडून देणे, महिन्यातून एकदा त्यांचे बोलणे झाले का याची नोंद ठेवणे, आणि वर्षातून एकदा त्या सगळ्यांना पुण्यात किंवा मुंबईत दोन दिवस एकत्र आणणे, याला मोठे अनुदान लागत नाही. एजकडून उचलण्यासारखे आहे ते नेमके हेच, आणि चार आठवड्यांच्या वर्गाची नक्कल करण्याआधी हे करावे असे माझे स्पष्ट मत आहे.

हा कार्यक्रम कोणी निवडावा? अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरांतल्या ज्या मुली गणितात पदवी घेऊन पीएचडीकडे निघाल्या आहेत, त्यांनी पात्रता तपासून अर्ज जरूर करावा, विशेषतः लहान महाविद्यालयातून येत असतील तर. ज्यांनी पदवीच्या काळातच पदव्युत्तर विषय केले आहेत त्यांना अभ्यासवर्गातला बराच भाग ओळखीचा वाटेल. तरीही सोबतीसाठी तो घ्यावा. जागा न मिळाल्यास, किंवा भारतातून थेट येत असल्यास, प्रवेश स्वीकारण्याआधी विभागाला तीन गोष्टी मेलवर स्पष्ट विचाराव्यात. क्वालिफाइंग परीक्षेच्या किती संधी मिळतात आणि मागच्या काही वर्षांत पहिल्या वर्षाच्या किती विद्यार्थ्यांनी त्या पार केल्या? जुने पेपर सगळ्यांसाठी खुले आहेत का? आणि गाईड ठरेपर्यंतच्या काळात माझी विचारपूस करण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेक विभाग देतात. तिसऱ्याला ‘आमचे सगळेच प्राध्यापक मदतीला तयार असतात’ असे उत्तर आले, तर दुसरा प्रवेश हातात असताना मी तो निवडेन.